मस्टरवरची सही

ऑफिसात मला सगळे मस्टरबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मला कान आहेत. अठ्ठावीस वर्षं हजेरीचं मस्टर माझ्या टेबलावर आहे. सकाळी साडेनऊ ते दहा या वेळात एकशे चार माणसं माझ्यासमोर येतात, वाकतात, सही ठोकतात आणि पळतात. दहानंतर माझ्या टेबलाकडे कुत्रंही फिरकत नाही. घरी म्हणाल तर मी एकटी. भाऊ-वहिनी दुसऱ्या गावाला. वहिनीचा फोन महिन्यातून एकदा येतो आणि ‘बाकी काय विशेष?’ इथे संपतो. बाकी विशेष काय असणार, कपाळ?

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढे मी जे केलं ते का केलं हे कळायला हवं. सबब सांगत नाहीये. सबबी सांगणाऱ्यांची मला चीड आहे. रोज सव्वादहाला येऊन सांगणारे चार जण आहेत आमच्याकडे.

आमच्या पाणीपुरवठा खात्यात विद्यार्थ्यांना शिकता शिकता नोकरीवर घेतात. पदवी मिळायच्या आत सहाशे तास काम भरलं, तर खातं त्यांना कायम करतं. नाही भरलं, तर नमस्कार. आठवड्याला बारा तासांच्या वर काम देता येत नाही, अभ्यास बुडू नये म्हणून. आणि तास भरल्याचा पुरावा एकच: तासांची वही. तिच्यात आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहायची आणि संध्याकाळी तिच्यावर साहेबांची सही व्हायची. आम्हा कायम माणसांना असली कटकट नाही. आम्ही मस्टरवर नुसती सही करतो. माणूस आला म्हणजे आला, त्याची मिनिटं कोण मोजत बसणार?

ही विद्यार्थिनी आली तेव्हा मी कागदावर तिचं वय बघून हसले होते. सदतीस! म्हटलं, घ्या, आता आज्ज्या पण शाळेत जायला लागल्या. नवरा गेलेला, शिक्षण लग्नात अर्धवट सुटलेलं, ते आता पुरं करत होती. तिला तळघरात बसवलं. काम जुन्या मीटरकार्डांचं. वीस-वीस वर्षांपूर्वीची कार्डं घराच्या नंबराप्रमाणे जुळवायची, गठ्ठे बांधायचे, यादी लिहायची. वही तिथेच, सुतळीने टेबलाला बांधलेली, कारण आधीच्या एका पोराने ती हरवली होती.

वर्षभर मी तिच्याशी दाखल्याखेरीज बोलले नाही. दर सत्राला ती कॉलेजचा दाखला आणून द्यायची, मी फाइलला लावायचे, संपलं. मग एकदा कुठलंसं कार्ड हवं म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत तळघरात उतरले. ही भिंतीकडे तोंड करून डबा खात होती, समोर पुस्तक उघडं.

“अहो, इथे काय खाताय? वर या की,” मी म्हटलं.

“वर कुठे बसू, ताई?” ती म्हणाली. “कॉलेजात एकोणीस वर्षांच्या मुली मला मॅडम म्हणून उठून उभ्या राहतात. इथे सगळे विद्यार्थिनी म्हणतात. दोन्हीकडे मी पाहुणीच.”

ती हसून म्हणाली, पण मला ते लागलं. खरं सांगायचं तर तिच्यासाठी नाही लागलं, माझ्यासाठी लागलं. दुसऱ्या दिवशी मी तिला कार्डांच्या पेटीसकट वर आणलं. माझ्या टेबलाची दुसरी बाजू रिकामीच होती, अठ्ठावीस वर्षं. साहेबांना विचारलंसुद्धा नाही. ते त्यांच्या केबिनमधून पाण्यालाही बाहेर येत नाहीत.

“मी खाली जाऊन वहीत वेळ लिहून येते,” ती म्हणाली.

“त्या फडतूस वहीत कशाला? इथे कर सही,” मी म्हटलं, आणि मस्टरच्या शेवटच्या पानावर तिचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. “तू आता आपल्यातली.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मस्टरकडे. इतकी जपून सही केली की शाई वाळेपर्यंत हात उचलला नाही.

पुढचे आठ आठवडे माझ्या आयुष्यातले… जाऊ दे. बरे गेले एवढं म्हणते. आठवड्यातून तीन दिवस ती यायची. एक वाजला की दोन डबे उघडायचे. तिची मुलगी आठ वर्षांची, थोरल्या बहिणीकडे ठेवलेली, एसटीने सहा तासांवर. कायम झालं की खात्याचं दोन खोल्यांचं घर मिळतं. या सत्राअखेर पदवी, मग नोकरी, मग घर, मग लेक, असं सगळं तिने ओळीने लावून ठेवलं होतं. पोरीला तारीखसुद्धा सांगितली होती. “मावशीला आई म्हणायला लागलीय हल्ली,” एकदा म्हणाली. “चुकून म्हणते. मग जीभ चावते.” मी म्हटलं, अगं, पोरं काय, चार दिवसांत येतात वळणावर. मला काय कळतंय पोरांतलं, पण बोलले.

सत्र संपत आलं. तिचा शेवटचा प्रबंध अकरा दिवसांनी द्यायचा होता, तो दिला की पदवी. तिला कायम करण्याची फाइल करायचं काम माझंच. मी मोठ्या हौसेने तळघरातून वही आणली आणि तास मोजायला घेतले. पाचशे चार. पुन्हा मोजले. पाचशे चार. आठ आठवड्यांचे शहाण्णव तास वहीत नव्हते, मस्टरवर होते, आणि मस्टरवर वेळ नसते.  सगळ्या ऑफिसला नियम शिकवणारी मी, आणि मीच माती खाल्ली.

दोन दिवस मी तिला सांगितलं नाही. डबा खाताना ती बोलत होती, मी हो हो करत होते. तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे नोकरी नाही?” एवढंच म्हणाली.

“थांब गं. मी आहे ना!” मी म्हटलं. “वहीत मागच्या तारखा घालून वेळा लिहिते. कुणाच्या बापाला कळत नाही.”

“साहेबांच्या सह्या कुठून आणाल? नको, ताई. पकडलं तर तुमचंही जाईल.”

मी साहेबांकडे गेले. सरळ म्हटलं, चूक माझी आहे, मी तिला मस्टरवर सही करायला लावली. साहेब म्हणाले, “वही माझ्याकडे आली नाही, मला वाटलं परीक्षेची सुट्टी असेल. तिने केलेल्या याद्या आहेत, पण त्यांवर नुसत्या तारखा. तास कुठायत?” मग त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. बरा माणूस आहे तसा. त्यात एक सोय निघाली. वही नसेल तर दोन कर्मचाऱ्यांनी लिहून द्यायचं की आम्ही हिला या दिवसांत, या वेळात, इथे काम करताना पाहिलं आहे. एक मी चालणार होते. दुसरं कुणीतरी हवं होतं.

मला हायसं वाटलं. एकशे चार माणसं! त्यातलं एक मिळणार नाही? ती माझ्या टेबलाशी बसायची, टेबल जाण्यायेण्याच्या वाटेवर. आठ आठवडे ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

रोखपालाकडे गेले. तो म्हणाला, “कोण, ती विद्यार्थिनी? ती तर तळघरात बसते ना?” टायपिस्टबाई म्हणाल्या, “तुमच्याजवळ कुणीतरी असायचं खरं, पण मला वाटलं तुमच्या नात्यातलं असेल, वेळ काढायला येत असेल.” आवक-जावकवाल्याने तर मलाच विचारलं, “तुमचं टेबल जिन्याजवळ आहे की खिडकीजवळ?” मी त्याला अशी सुनावली की पुढचे चार दिवस तो वेळेवर आला. पण सही काही मिळाली नाही. खोटं लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि खरं कुणी पाहिलंच नव्हतं.

शेवटी शिपायाला धरलं. “तू तर रोज दोन कप चहा ठेवायचास माझ्या टेबलावर. तू लिहून दे.”

तो डोकं खाजवायला लागला. “ठेवायचो ना, बाई. पण दुसरा कप त्यांचा होता होय? मला वाटलं तुम्हीच दोन घेता.”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. ती दिसत नव्हती ते एक वेळ ठीक, ती नवी होती. पण माझ्यासमोर एक अख्खी बाई दोन महिने बसून जेवते, हसते, आणि कुणाला पत्ता नाही, याचा अर्थ माझ्याकडेच कुणी बघत नव्हतं. तिला माझ्या टेबलाशी आणून मी तिला माझ्याइतकीच नाहीशी करून टाकली होती.

उरली एकच वाट, आणि ती तिनेच शोधली. प्रबंध द्यायचाच नाही. म्हणजे पदवी लांबते, आणखी एक सत्र ती विद्यार्थिनी राहते, नोकरी चालू राहते, शहाण्णव तास भरून निघतात. पुरे सहा महिने. नियमात चोख बसत होतं. प्रबंध लिहून तयार होता, पिशवीत होता. मार्गदर्शक बाईंनी ‘उत्तम’ असा शेरासुद्धा दिला होता त्यावर.

तिने लेकीला फोन ऑफिसातूनच केला, जिन्यात उभं राहून. मी ऐकायला गेले नव्हते, पण ऐकलं. “अजून थोडे दिवस, राणी… नाही गं, नापास नाही झाले… अगं, ऐक तरी…”  मग बहिणीला म्हणाली, “हो ताई, दिला का तिने फोन तुझ्याकडे? राहू दे. नको बोलावू तिला.”

ती परत आली तेव्हा मी फाइल चाळत असल्याचं नाटक करत होते. ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

“ताई, एक विचारू? रागावू नका.”

“विचार की.”

“मला वर कशाला आणलंत?”

“तुझी दया आली म्हणून,” असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तिच्या डोळ्यांकडे बघून खोटं बोलवेना. “मला एकटीला डबा जात नव्हता गं,” मी म्हटलं. “कितीतरी वर्षं जात नव्हता.”

तिने रिकामी खुर्ची टेबलाखाली सरकवली.

“मग तसं म्हणायचं होतं ना, ताई,” ती हळू म्हणाली. “डबा खायला मी रोज आले असते. सही खाली केली असती.”

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते, भांडायला मी कुणाला हार जात नाही. राग नव्हताच. तिने कार्डांची पेटी उचलली आणि ती तळघरात गेली.

मुदतवाढीचा कागद मी केला. कारणाच्या रकान्यात ‘तास अपुरे’ लिहिलं आणि त्याखाली, कुणी सांगितलं नसताना, ‘चूक आस्थापना लिपिकाची’, म्हणजे माझी, असं लिहून सही केली. त्याबद्दल मला एक ठपक्याचं पत्र आलं. ते मी माझ्याच हाताने माझ्याच फाइलला लावलं.

सहा महिने ती खाली आणि मी वर. वाटेत भेटली की हसायची, ‘बऱ्या आहात ना, ताई?’ म्हणायची. तिने तोंड फिरवलं नाही कधी, उगाच तिच्या नावावर घालू नये. मीच खाली गेले नाही. रोज एक वाजता म्हणायचे, आज जाते, म्हणते, ‘चल गं, जेवायला ये.’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण ज्या बाईची लेक आपण सहा महिन्यांसाठी हिरावली, तिला कुठल्या तोंडाने जेवायला बोलवायचं? आज नको, उद्या म्हणू. असे सगळे उद्या गेले.

तास भरले, पदवी झाली, कायम झाल्याचा हुकूम आला. आमच्याकडे जागा रिकामी नव्हती, म्हणून नेमणूक दुसऱ्या गावाच्या ऑफिसात. घर मिळणार होतं. लेकीला तिकडच्या शाळेत घातल्याचं शिपायाकडून कळलं, मला सांगायला ती वर आली नव्हती.

हुकूम शिपायाच्या हाती पाठवायचा असतो. मी स्वतः घेऊन गेले. जिना उतरताना मनाशी घोकत होते, आज म्हणायचंच, काय होईल ते होवो. ती शेवटचा गठ्ठा बांधत होती. तिने हुकूम दोनदा वाचला, पोचपावतीवर सही केली आणि माझे हात धरून म्हणाली, “तुमच्यामुळे झालं, ताई.” टोमणा नव्हता तो. मनापासून म्हणाली, तेच जास्त लागलं.

“चल, जेवायला ये वर,” मी म्हटलं. निघाले एकदाचे शब्द.

“अय्या,” ती म्हणाली, “माझं आत्ताच झालं.”

“बरं,” मी म्हटलं, आणि पोचपावती घेऊन वर आले.