वेणी जाळीला लागली

व्हॉलीबॉलचा उपांत्य सामना ऐन रंगात आला होता. उंच खुर्चीवर मुख्य पंच बसले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अर्धं आयुष्य शिट्टी फुंकण्यात गेलेला माणूस. समोर, खांबापाशी, दुसरी पंच उभी होती. दिवसभर बँकेत काम करून ती संध्याकाळी मैदानावर येई. शिट्टी कशी धरायची तेही तिला अण्णांनीच शिकवलेलं.

निळ्या संघाच्या उंच मुलीने उडी मारली आणि चेंडू असा हाणला की तो पलीकडे कुणाला दिसलाही नाही. पण उतरताना तिची लांबलचक वेणी जाळीवर आपटली. अण्णांची शिट्टी वाजली. जाळीला स्पर्श! गुण समोरच्यांना.

दुसरी पंच खुर्चीपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, फक्त वेणी लागली. हात नाही, खांदा नाही."

"मग? वेणी काय भाड्याने आणलीय तिने?"

"केस लागले तर चूक धरत नाहीत. समोरच्याला अडथळा झाला तरच धरतात."

"मला जाळी हललेली दिसली. ऐकलं तुझं. जा जागेवर."

ती गेली. अखेर निळा संघ थोडक्यात हरला. त्यांची कप्तान रडवेली होऊन दुसऱ्या पंचाकडे आली. "ताई, तुम्ही तरी सांगा ना!"

"निर्णय मुख्य पंचांचा असतो," एवढंच ती म्हणाली.

पंचांच्या खोलीत चहा आला. अण्णांचे जुने दोस्त असलेले गुणलेखक कपात फुंकर घालत होते.

"अण्णा, रागावू नका," ती म्हणाली, "पण मला अजूनही पटलेलं नाही."

गुणलेखकांना ठसकाच लागला. अण्णांना असं तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

अण्णांनी आपल्या चकचकीत टकलावरून हात फिरवला. "केसांच्या बाबतीत माझा अनुभव कमी पडतो, हे मान्य."

तिघंही हसले. मग अण्णा गंभीर झाले. "वरून मला जाळी हललेली दिसली. कशाने हलली, ते नाही दिसलं. तू सांगायला आलीस आणि मी तुला परत पाठवलं. ते चुकलंच."

"म्हणजे नियम पटला?"

"छे! लागलं ते लागलं, असंच मला वाटतं. पण नियम आहे तर आहे. चल माझ्याबरोबर."

निळ्या संघाच्या मुली बाहेर पायरीवर बूट सोडत बसल्या होत्या. अण्णा त्या उंच मुलीसमोर उभे राहिले. "पोरी, माझा निर्णय चुकला. आता निकाल बदलत नाही. पण तुझा फटका चोख होता."

ती गडबडून उठली. "सर, मी तर उद्या केस कापून टाकणार होते."

"खबरदार!" अण्णा ओरडले, आणि मुलींमध्ये पहिल्यांदा हसू फुटलं.

बसस्टॉपकडे जाताना अण्णा म्हणाले, "आणि ती सर्व्हिस जाळीला घासून गेली तरी खेळ चालू ठेवायचा, हेही मला पटत नाही बरं का."

"मला पटतं. खेळ थांबत नाही."

"काय मजा त्यात? नशिबाचा गुण!"

तिची बस आली आणि निघूनही गेली. दोघंही तावातावाने भांडत होते.