बटणांच्या डब्यातली वर्षे

मी एक जुनी सोन्याची अंगठी आहे. मला खडा नाही, नक्षी नाही. मित्रांनो, मला पाहून कोणाचे डोळे दिपणार नाहीत, आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. मला हवे असते ते फक्त एक बोट.

अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका लहान गावात सोनाराने मला घडवले. धान्याच्या कोठारात राबणाऱ्या ऑरिनने पगारातून पैसे बाजूला टाकून मला घेतले आणि आर्डिसच्या बोटात घातले. ती बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटायची तेव्हा मी पिठात माखायचे. हिवाळ्यात लोकरी हातमोज्यात उबेला असायचे. चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना बायका विचारायच्या, "आर्डिस, तुझी अंगठी अजून कशी गं चकाकते?"

"रोज भांडी कोण घासतं? त्यात तीही घासली जाते," ती म्हणायची.

ऑरिन गेला, तरी तिने मला काढले नाही. पण नातवाने, नोलनने, किर्स्टनला लग्नाचे विचारायचे ठरवले तेव्हा तिने साबण लावून मला उतरवले आणि त्याच्या हातावर ठेवले. किर्स्टन जनावरांची डॉक्टर. तिने होकार दिला, पण तारीख दिली नाही. शिक्षणासाठी दोघांनीही कर्ज काढले होते, आणि तिचे तर डोईजड झालेले.

"लग्न होईपर्यंत ही तुमच्याकडेच राहू दे, आजी," ती म्हणाली.

दिलेली वस्तू परत कशी घालायची, म्हणून आर्डिसने मला बटणांच्या डब्यात ठेवले. दर नाताळला ती लग्नाचा विषय काढायची. किर्स्टन म्हणायची, "नव्या वर्षात बघू." नवे वर्ष यायचे आणि जुने होऊन जायचे. डब्याचे झाकण उघडले की मला वाटायचे, आज नक्की मलाच घेणार. ती बटण घ्यायची.

मग एका डिसेंबरात आर्डिसने अंथरूण धरले. हृदय थकले आहे, असे डॉक्टर सांगून गेले. तिने डबा मांडीवर घेतला आणि दोघांना समोर बसवले.

"आता तरी सांगा, घोडं अडलंय कुठं?"

"आजी, कर्जाच्या व्याजावर आत्ता आम्हा दोघांना करात वेगवेगळी सूट मिळते," किर्स्टन म्हणाली. "लग्न झालं की दोघांत मिळून एकच. नवरा-बायकोनं वेगळा कर भरला तर तीही नाही."

"मग एकत्र भरा."

"एकत्र भरला तर माझा हप्ता दोघांच्या पगारावर ठरणार. तो झेपायचा नाही."

"आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी लग्न केलं, तरी ते अख्खं वर्ष लग्नाचंच धरतात," नोलन म्हणाला. "म्हणून जानेवारीत करू या. थोडेच दिवस राहिलेत गं."

आर्डिस बटणे चाळत राहिली.

"करवाल्यांची रीत मला नको सांगूस. तुझे आजोबा फेब्रुवारीत गेले. कर भरायला बसले तेव्हा कळलं, त्यांच्या हिशेबी मी डिसेंबरपर्यंत ऑरिनची बायकोच. आमची नावं शेजारी शेजारी होती. तो कागद पाठवायला माझा हात उठेना." तिने दोघांकडे पाहिले. "तुम्हाला एका दिवसावर अख्खं वर्ष मिळतंय, आणि ते तुम्हाला नकोय. मला कोणी तसलं आणखी एक वर्ष दिलं असतं ना, तर त्यासाठी मी हे घर विकलं असतं."

 किर्स्टनने हात पुढे केला. "आजी, तो डबा द्या इकडे."

त्याच आठवड्यात पाद्रीबाबा बुटांवरचा बर्फ झटकत आले आणि आर्डिसच्या पलंगापाशी लग्न लागले. मी किर्स्टनला सैल होत होते, म्हणून आर्डिसने माझ्याभोवती दोरा गुंडाळला. माझा तिला झालेला तो शेवटचा स्पर्श. जानेवारी उजाडायच्या आत ती गेली.

वसंतात किर्स्टन आपला वेगळा कर भरायला बसली. व्याजाच्या सवलतीची जागा कोरीच राहिली.

"किती गेले?" नोलनने विचारले.

"बरेच," ती म्हणाली. "पण लग्नाला आजी होती."

मित्रांनो, किर्स्टनचे बोट उबदार आहे, ती मला जपते. तरी ती पीठ मळायला लागली की मला आर्डिसचे ते सुजरे पेर आठवते, जिथे मी नेहमी अडायचे. तुमच्याकडे जपण्यासारखे जे असेल, ते डब्यात ठेवून जपू नका. अंगावर झिजू द्या. मी त्या बोटावर झिजले त्याचे मला काही वाटत नाही. डब्यात मात्र मी जराही झिजले नाही, आणि तेवढी वर्षे मला तिच्या हातावर हवी होती.