कोरड्या इंजिनाची ठकठक

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. पत्र्याच्या शेडमध्ये, मोडक्या पाळण्याशेजारी आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या सोबतीने मी उभी असते. माझ्या टाकीचा लाल रंग उडाला आहे, आरसा एकच उरला आहे आणि सीटमधला स्पंज उंदरांनी केव्हाच पळवला आहे. आठवण मात्र शाबूत आहे. कोण कुठल्या दिवशी मला काय म्हणालं, ते सगळं मला आठवतं. चांगलं आठवतं, आणि वाईट तर त्याहून लख्ख आठवतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका हाताने माझी चाकं बसवली, दुसऱ्याने साखळी ओढून बघितली, तिसऱ्याने टाकी पुसली. शेवटी चष्मा लावलेल्या एका मुलीने माझ्यावर हिरवी चिकटपट्टी लावली. तिचा अर्थ असा की ही मोटारसायकल निर्दोष आहे. मग मला लाकडी चौकटीत बांधून ट्रकमध्ये चढवलं. वाटेत सांडू नये म्हणून आमच्या पोटात इंजिनाचं तेल घालत नसत. ते दुकानात पोहोचल्यावर तिथल्या मिस्त्रीने भरायचं. एवढं लक्षात ठेवा, कारण माझं सगळं गाऱ्हाणं या तेलाचं आहे.

ज्या दुकानात मी आले, तिथल्या शेठने नुकतीच नवी पांढरी फरशी घातली होती. काय तिचं कौतुक! शेठ स्वतः दारात चपला काढून आत यायचे. आम्हाला दोन स्टँड असतात. मधला स्टँड लावला की गाडी सरळ उभी राहते आणि बाजूचा लावला की डावीकडे कलते. मधल्या स्टँडच्या लोखंडी पायांनी फरशीवर ओरखडे उठतात, म्हणून शेठचा कडक हुकूम होता, की दुकानात कोणतीही गाडी मधल्या स्टँडवर लावायची नाही. त्यामुळे लग्नात जेवणासाठी ताटकळलेल्या पाहुण्यांसारख्या आम्ही सगळ्या जणी एका पायावर रेलून उभ्या असायचो.

तिथल्या मुख्य मिस्त्रीला सगळे 'डॉक्टर' म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो डोळे मिटायचा, म्हणून ते नाव. माझ्या इंजिनाच्या डाव्या अंगाला काचेची एक छोटी खिडकी आहे. तिच्यात तेल किती आहे ते दिसतं. पण बघताना गाडी सरळ उभी पाहिजे. डावीकडे कलली की सगळं तेल खिडकीपाशी जमतं आणि अर्ध्या पोटी गाडीही पोट भरल्यासारखी दिसते. डॉक्टरने मला कललेलीच ठेवून खिडकी भरेपर्यंत तेल ओतलं आणि झाकण लावलं.

त्याला माहीत नसतं, तर मी माफ केलं असतं. डॉक्टरला माहीत होतं. फरशी नवी होण्याआधी तो प्रत्येक गाडी सरळ उभी करून तेल मोजायचा. पण शेठशी वाद कोण घालणार? त्यापेक्षा अंदाज बरा, असं त्याने ठरवलं. त्याच्या अंदाजापायी मी निम्म्याहून कमी तेलावर रस्त्यावर आले.

मला घेतलं ते शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी. डोंगरापलीकडच्या चार गावांत कपडे शिवणारे छोटे कारखाने होते आणि तिथली मशीनं बिघडली की बाईंना निरोप यायचा. बस सकाळी एकदा जायची आणि संध्याकाळी एकदा यायची. एका मशीनसाठी अख्खा दिवस मोडायचा. मी आले आणि बाई दुपारपर्यंत तीन कारखाने करून घरी येऊ लागल्या. घरात आलेलं ते पहिलंच वाहन. बाईंनी माझ्या हँडलला हात लावण्याआधी तो पदराला पुसला.

नव्या गाडीला पहिले हजार किलोमीटर जपायचं असतं, मित्रांनो. फार वेग नको, फार ओझं नको. आतले भाग अजून एकमेकांना ओळखत नसतात. बाईंनी सगळं पाळलं. दुकानात दाखवलं होतं तसं घरीही मला बाजूच्या स्टँडवरच लावलं. नव्या गाडीचे आवाजही त्यांनी समजून घेतले. बंद केल्यावर सायलेन्सर टिकटिक करत निवतो, तो साधा आवाज. साखळी थोडी सैल होऊन खरखरते, तोही साधाच. पण डोंगराच्या चढावर, इंजिन चांगलं तापल्यावर, माझ्या पोटातून एक जड ठकठक यायची. चढावर होतं नव्हतं ते तेल मागे सरकायचं आणि आतले भाग कोरडे पडायचे. ती माझी हाक होती. बाईंनी ती पहिल्याच दिवशी ऐकली, कारण शिलाई मशीनमधलं कोरडं शटल कसं वाजतं ते त्यांना झोपेतही कळायचं.

त्या मला दुकानात घेऊन गेल्या.

"डॉक्टर, चढावर इंजिन ठकठक करतंय. तेल कमी नाही ना?"

"खिडकीत बघा की. काठोकाठ आहे. अहो बाई, नवी सून पहिले सहा महिने भांडी आपटतेच!"

दुकानातली माणसं हसली.

"सून मीही होते," बाई म्हणाल्या. "मी भांडी आपटली तेव्हा त्याला कारण होतं."

तेव्हा कोणी हसलं नाही, पण मला कोणी तपासलंही नाही.

दुसऱ्या वेळी डॉक्टरने मला रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी गार इंजिन सुरू केलं, स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. गार असताना मी कशी वाजणार? त्याने माझ्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं : आवाज नाही. वर बाईंच्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, दिवसभर मशीनं ऐकून वहिनींचे कान वाजतायत."

मित्रांनो, त्या दिवशी मी त्याचं नाव मनात कोरून ठेवलं.

बाईंचे यजमान शाळेत कारकून होते. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत हसं झालेलं त्यांना खपत नसे. घरी आल्यावर ते म्हणाले, "अगं, तो वीस वर्षं इंजिनं उघडतोय. तू बॉबिन उघडतेस."

"बॉबिनलाही तेल लागतं."

"हे बघ, शनिवारी शेवटचं दाखवू. त्यातून काही निघालं नाही, तर गाडी भावोजींना देऊन टाकू. तू घरी बस आणि दारात येतील ती मशीनं कर. ही रोजची कटकट नको."

दारात महिन्याला दोन मशीनं आली तर पुष्कळ. त्या रात्री त्यांनी माझी टाकी पुसली नाही, नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या. चार गावांचं काम आणि मी, दोन्ही एका शनिवारावर टांगलेली होती.

शनिवारी बाई आणि यजमान मला घेऊन गेले तेव्हा दुकानात गर्दी होती. डॉक्टरने पुन्हा त्या खिडकीकडे बोट दाखवलं. बाई खाली वाकल्या. तेल काचेला टेकलेलं होतं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे, माझ्या शेजारणीकडे, तिच्या शेजारणीकडे पाहिलं. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. शिलाई मशीनचं डोकं दुरुस्तीसाठी मागे कलतं केलं, की खालच्या ताटलीतलं थेंबभर तेल एका कडेला जमून तळं भरल्यासारखं दिसतं. हे त्यांनी हजार वेळा पाहिलं होतं.

"गाडी सरळ उभी करा," त्या म्हणाल्या.

"इथे नाही!" शेठ गल्ल्यावरून ओरडले. "फरशी आहे ती!"

"मग रस्त्यावर करा."

एवढ्या गिऱ्हाइकांसमोर बाई आपल्याला काम शिकवते, हे डॉक्टरला झोंबलं. "कशाला उभी करायची? मीच पाण्याच्या टाकीच्या चढावर पळवून आणतो. ठक वाजलं तर मिशी उतरवीन!" असं म्हणून त्याने किल्ली फिरवली आणि मला घेऊन सुसाट निघाला.

दुकानापासून रस्ता आधी बाजारातून खाली पुलाकडे उतरतो आणि मग पाण्याच्या टाकीकडे उभा चढतो. पुलापर्यंत मी गप्प होते. चढ लागला तशी मी ठकठक केली. त्याने ऐकलं. मूठ क्षणभर सैल पडली, म्हणून सांगते की त्याने ऐकलं. पण मिशीची पैज लावून आलेला माणूस परत कसा जाणार? त्याने मूठ आणखी पिळली.

मग मात्र माझी सबुरी संपली. इतके दिवस बाईंसाठी मी तो सुकलेला घास घशात धरून ठेवला होता. डॉक्टरसाठी का धरू? ऐन चढावर, भर बाजाराला दिसेल अशा जागी, मी पिस्टन घट्ट आवळला. मागचं चाक फरपटलं, त्याने क्लच दाबला आणि आम्ही थांबलो. त्याला पाडायचं माझ्या मनात नव्हतं. मला त्याला चालवायचं होतं.

पुलापर्यंत उतारावर मी त्याला फुकट नेलं. तिथून दुकानापर्यंतचा चढ त्याने मला ढकलत पार केला. भर उन्हात, कपाळावरचा घाम माझ्या सीटवर टपटप गळत. मी मुद्दाम जड झाले होते म्हणा हवं तर.

"काय डॉक्टर, पेशंट गेला का?" भाजीवाली ओरडली.

"अहो, सलाईन लावा!" तिच्या शेजारणीने भर घातली.

जन्मात इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही.

तरी माणूस सुधारला नाही. दुकानात मला बाजूच्या स्टँडवर टेकवून तो धापा टाकत म्हणाला, "शेठ, बाईंनी आधीच वेगात मारून इंजिन खलास केलंय. तेल बघा, भरलेलं आहे."

शेठ वाकले. खिडकी खरंच भरलेली होती. यजमानांनी मान खाली घातली.

बाई पुढे आल्या. साडीचा पदर खोचला, माझ्या मधल्या स्टँडवर पाय ठेवला आणि सगळा भार टाकून मला मागे ओढलं. लोखंड फरशीवर कर्रकन ओरडलं. मी सरळ उभी राहिले. खिडकीतलं तेल बघता बघता खाली गेलं आणि काच कोरडी ठणठणीत झाली.

"माझी फरशी!" शेठ म्हणाले.

"तिचं इंजिन," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी दुकानातल्या सगळ्या गाड्या रस्त्यावर नेऊन सरळ उभ्या केल्या. अकरांपैकी चौघी माझ्यासारख्याच उपाशी निघाल्या. शेठने बाईंना दुसरी नवी गाडी देऊ केली. यजमानही हळूच म्हणाले, "घे की." बाईंनी नाही म्हटलं. "हीच दुरुस्त करा. डॉक्टरांनी स्वतः करायची, आणि मी समोर बसणार."

चार दिवस त्या स्टूल टाकून बसल्या. नवा सिलिंडर, नवा पिस्टन, मापून भरलेलं तेल. इंजिन जुळून सुरू झालं की त्या कान द्यायच्या आणि म्हणायच्या, "परत उघडा." तीनदा उघडायला लावलं. पहिल्यांदा खरंच एक बोल्ट सैल होता. बाकी दोन वेळा काहीही नव्हतं. ते बाईंना ठाऊक होतं आणि मलाही. यजमानांनी जेवणाचा डबा आणून दिला आणि भावोजींचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

त्यानंतर सव्वीस वर्षं मी बाईंना चार गावं फिरवली. पुढे सहा गावं झाली. लोक माझं कौतुक करायचे. पण त्या चढावर पिस्टन आवळताना माझ्या आतही एक चरा उठला होता. नव्या सिलिंडरनेही तो भरला नाही. थंडीत माझा आवाज कायम घोगरा राहिला. सूड फुकट मिळत नाही, मित्रांनो. मला तरी त्याचा पस्तावा नाही.

डॉक्टर रस्त्यात दिसला की बाई मुद्दाम थांबायच्या. इंजिन चालूच ठेवायच्या.

"डॉक्टर, काही ऐकू येतंय का?"

"नाही हो बाई."

"नीट ऐका."

तो बिचारा, बिनमिशीचा, उन्हात उभा राहून ऐकायचा. कितीतरी वर्षं.

आता बाईंचे गुडघे दुखतात आणि मी शेडमध्ये आहे. कोणी मला सुरू करत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, म्हातारपण सगळ्यांनाच येतं. तुम्हाला एवढंच सांगते. गाडी सरळ उभी करून तेल बघा. नवी असेल तर जपून चालवा. आणि कोणी येऊन म्हणालं, की आत काहीतरी वाजतंय, मग ती गाडी असो, घरातली बाई असो की वर्गातली एखादी गप्प मुलगी असो, तर हसण्याआधी ऐका. मला सूड घ्यायला सहाशे चाळीस किलोमीटर लागले. माणसं त्याहून पुष्कळ लांबपर्यंत वाट बघतात.