तिरीप नाव कुणी ठेवतं का?

माझी भाची जगात येऊन चांगले काही आठवडे झाले होते, तरी बिचारीला नाव नव्हतं. भाऊजी तिला ‘मॅडम’ म्हणायचे, मी ‘बटाटा’ म्हणायचे आणि आत्या नुसतंच ‘ती’. ‘ती उठली का गं?’ ‘ती दूध प्यायली का?’ सोमवारी भाऊजींना जन्मनोंदणीच्या कचेरीत जायचं होतं आणि तिथे बटाटा काही चालला नसता.

म्हणजे नाव सुचलंच नव्हतं असं नाही. ताईने ते केव्हाच ठरवलं होतं. तिरीप. खिडकीच्या फटीतून, दाराच्या चिरेतून उन्हाची जी तिरकस रेघ आत येते ना, ती तिरीप. भाची वेळेआधी आली, म्हणून तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि त्या खोलीचे पडदे कायम ओढलेले. ताई रोज तिथे जाऊन बसायची. तिला दिसायचं काय, तर एक टोपी आणि पुष्कळशा नळ्या. एका सकाळी पडद्याच्या फटीतून तिरीप आली ती नेमकी बाळाच्या तोंडावर. बाळाने नाक मुरडलं. ताई म्हणते, “तेव्हा मला कळलं, ही कुठेही जात नाही.”

मी तर तिथल्या तिथे मत देऊन मोकळी झाले.

भाऊजींनी मात्र फोन काढला. त्यांच्या फोनात मुलांच्या नावांचं एक ॲप आहे. नाव टाकलं की अर्थ, उगम आणि लोकप्रियता, सगळं सांगतं. त्यांनी ‘तिरीप’ टाकलं आणि चष्मा वर केला.

“अर्थ, उपलब्ध नाही. उगम, उपलब्ध नाही. या नावाच्या मुली, शून्य.”

“शून्य!” मी टाळ्याच वाजवल्या. “भाऊजी, म्हणजे आपली पहिली!”

“अहो मेहुणीबाई, शाळेत हजेरी घेताना बाई विचारतील, हे आडनाव आहे का म्हणून.”

“विचारू देत की! माझ्या नावाच्या आमच्या वर्गात चौघी आहेत. बाईंनी हाक मारली की चौघी उठतात आणि शिक्षा मात्र मलाच होते.”

“ती तुझ्या आवाजामुळे,” ताई म्हणाली.

भाऊजी हसले, म्हणजे विरघळले. त्यांचं काही फार अवघड नसतं. अडलं होतं ते आत्यापाशी.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई-बाबा गेल्यावर आम्हा दोघींना तिनेच वाढवलं. घराच्या पुढच्या भागात तिचा फोटो स्टुडिओ आहे आणि मागे अंगणाच्या बाजूला अंधारी खोली. तिथे लाल दिव्याखाली ती अजून हाताने फोटो छापते. या वर्षी तिने मला मदतीला घेतलं, आणि खरं सांगते, शाळेत मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं तेव्हाही इतकं भारी वाटलं नव्हतं. ती काम करताना बघायला हवी! छपाईच्या दिव्याखाली ती दोन्ही हातांची बोटं अशी काही फिरवते की त्यांच्या सावलीने कागदावर कुठे किती उजेड पडायचा ते ठरतं. एखाद्या म्हातारीच्या सुरकुत्या ती पुसत नाही, पण त्या म्हातारीला स्वतःकडे बघून बरं वाटेल एवढीच सावली देते. लांबलांबून लोक तिच्याकडे जुन्या निगेटिव्ह घेऊन येतात. मी तिच्याशेजारी उभी राहून फोटो धुवायच्या रसायनाच्या ताटल्या हलवते आणि मनातल्या मनात म्हणते, मला हे यायला हवं, हेच यायला हवं.

आणि त्या खोलीत ‘तिरीप’ ही शिवी आहे.

कारण तिथे उजेडाची एक रेघ जरी शिरली, तरी कोरा कागद वाया. एकदा एका लग्नाचे फोटो छापताना अशी रेघ शिरली आणि नवरीच्या तोंडावरच राखाडी पट्टा आला. आत्याने त्या घरी जाऊन हात जोडले होते. आतून “तिरीप!” असा गडगडाट झाला की आम्ही घरात असू तिथे दगड होतो. नळ चालू असला तर चालू, दाराला हात असला तर हात तसाच.

त्यामुळे ताईने नाव सांगितलं तेव्हा आत्याने चहाचा कप खाली ठेवला.

“तीस वर्षं हा शब्द मी दात-ओठ खाऊन उच्चारलाय,” ती म्हणाली. “त्याच तोंडाने लेकराला हाक मारू?”

“आत्या, पण अर्थ किती छान—” मी सुरुवात केली.

“तोफे, तू गप.” मला ती तोफ म्हणते. का ते विचारू नका.

“तुला नको असेल तर नाही ठेवणार,” ताई म्हणाली, आणि उठून आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले, तर ती घडी घातलेलीच दुपटी उलगडून पुन्हा घडी घालत होती. ताई भांडली असती तर मी तिच्या बाजूने तोफा डागल्या असत्या. पण ती भांडतच नाही. आत्याचा शब्द तिने आजवर मोडलेला नाही आणि या बाबतीतही मोडणार नव्हती. भाऊजींनी फोनातल्या पहिल्या दहा नावांमधून एक निवडून ठेवलं. चांगलं नाव होतं. माझंच होतं!

त्यातच अंधाऱ्या खोलीत उजेड शिरायला लागला. छापलेल्या प्रत्येक फोटोवर दुधावर साय यावी तसा करडा पापुद्रा. आत्याने दाराच्या कडा बघितल्या, पडदा झटकला, कागदाचं खोकं बदललं. काही उपयोग नाही. शेवटी रविवारी सकाळी ती मला म्हणाली, “चल आत. शोधून काढू.”

उजेड शोधायची तिची एक पद्धत आहे. दार बंद करायचं, लाल दिवाही मालवायचा आणि गप्प बसून राहायचं. डोळे अंधाराला सरावले की जी फट आधी दिसत नाही ती आपणहून दिसते. या सगळ्यात अवघड काय, तर गप्प बसणं.

“आत्या—”

“शू.”

“डोळ्यांनी बघायचंय ना, मग तोंड—”

“तुझं तोंड चालू असलं की माझे डोळे मिटतात. शू!”

मी ओठ दाबून बसले. हळूहळू टेबलाची कड दिसायला लागली, मग नळ, मग अंगणाच्या बाजूच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आत्याचा जाड एप्रन. त्या एप्रनच्या काठाला अगदी बारीक चांदीची किनार होती. आमच्या एप्रनला किनार नाही.

आत्या उठली आणि तिने एप्रन बाजूला केला.

तिथे पूर्वी खिडकी होती, फळ्या ठोकून बंद केलेली. त्यातल्या एका फळीतली लाकडाची गाठ वाळून गळून पडली होती. भोक मिरीच्या दाण्याएवढं. आत्याने छाती भरून श्वास घेतला. आता गडगडाट होणार म्हणून मी कानांवर हात ठेवले.

पण काहीच झालं नाही. आत्या समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होती. मीही बघितलं आणि कानांवरचे हात आपोआप खाली आले.

भिंतीवर आमचं अंगण होतं. उलटं! खाली निळं आकाश, वर जमीन. भाऊजी छताला पाय लावून आकाशात दुपटी वाळत घालत होते. त्यांच्या बाजूला खुर्चीसकट उलटी लटकलेली ताई, बाळाला कोवळं ऊन देत बसलेली, आणि तिच्या मांडीवर एक पांढरा ठिपका. फिकट होतं सगळं, पण रंगीत, हलतं आणि आवाज नसलेलं.

अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून बाहेरचं चित्र असं उलटं पडतं, हे आत्याला ठाऊक होतं. तिचा तो धंदाच आहे. पण आजवर भोक दिसलं की बुजवायचं, एवढीच तिची घाई असायची. आज ती थांबली. भिंतीजवळ गेली आणि त्या ठिपक्याखाली तिने तळहात धरला, तर ठिपका तिच्या हातावर आला.

“कागद आण,” ती कुजबुजली. “लहान.”

आणि मग फळीला तोंड लावून ओरडली, “अगं, तशीच बस! हलू नकोस!”

“कोण?” बाहेरून ताईचा घाबरलेला आवाज. “आत्या, कुठून बोलतेस?”

“भिंतीतून! बाळाला हलवू नकोस!”

तिने भोक हाताने झाकलं, कोरा कागद एका पुठ्ठ्यावर लावून भोकाच्या जवळ धरला. जवळ धरला की चित्र लहान होतं, पण उजळ. मग हात काढला. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या. ती मनात आकडे मोजत होती, नुसते ओठ हलत होते. तिचा हात एवढा वेळ तसूभरही थरथरला नाही. शेवटी तिने पुन्हा भोकावर तळवा ठेवला.

मग लाल दिवा, ताटली, आणि कागदावर हळूहळू उमटणारं अंगण. आधी सगळं उफराटं, आकाश काळं आणि बाळाचं तोंड डांबरासारखं. आत्याने तो कागद दुसऱ्या कोऱ्या कागदावर काचेखाली दाबून क्षणभर दिवा दाखवला, आणि दुसऱ्या कागदावर सगळं सरळ आलं. ताई हसत सुटली होती म्हणून तिचा चेहरा पुसट झाला होता. भाऊजी इकडेतिकडे फिरत राहिले म्हणून ते आलेच नाहीत, नुसती दुपटी आली. झोपलेलं बाळ मात्र स्वच्छ, नाकासकट.

आत्या फोटोवरून पाणी निथळू देत होती.

“तोफे,” ती म्हणाली, “फळी नीट बसवायचं काम कुणाचं होतं?”

“तुझं,” मी म्हणाले. आता खोटं कशाला बोलू?

“आणि शिव्या मी घातल्या हिला.” तिने भोकाकडे हनुवटी केली. “ही बिचारी वाट मिळेल तिथून येते. दुसरं काय करणार?”

मी ताटली धुऊन जागेवर ठेवली.

मग तिने कपाटातून लुकण काढलं, भोक गच्च बुजवलं, वर काळी पट्टी मारली. काम ते काम. आणि ओला फोटो दोन बोटांत धरून ती अंगणात गेली.

ताईने फोटो बघितला. भाऊजींनी बघितला आणि विचारलं, “मी कुठाय?”

“तुम्ही एका जागी उभे राहत नाही जावईबापू, त्याला कॅमेरा काय करणार?” आत्या म्हणाली. मग ताईच्या समोर खाली बसली. “ठेव गं तेच नाव.”

“आत्या, माझ्यासाठी म्हणून नको हं,” ताई म्हणाली. “तुला मनापासून—”

“मनापासूनच म्हणतेय. घशाचं मात्र सांगत नाही. त्याला सवय वेगळी आहे.” तिने घसा खाकरला, बाळावर वाकली आणि हाक मारली, “तिरीप!”

तोच तो गडगडाट! भाऊजींच्या हातातला चिमटा पडला. बाळ दचकून जागं झालं आणि असं काही रडायला लागलं की शेजारची खिडकी उघडली.

“अगं बाई, अगं बाई,” आत्या पुरती गोंधळली. तिने बाळाला उचलून खांद्याला लावलं आणि अंगणात फेऱ्या मारायला लागली. “चुकलं गं माझं. थांब हं. तिरीप. अजून मोठ्यानेच झालं का? तिरीप… तिरीप…”

प्रत्येक फेरीला आवाज थोडा खाली येत होता. बाळाचं रडणं हुंदक्यावर आलं, मग हुंदकेही थांबले. ती माझ्या बाजूने पलीकडे गेली तेव्हा मला नाव ऐकूच आलं नाही. बाळाला मात्र आलं असावं, कारण तिने मान वळवून आत्याकडे बघितलं.