बरोब्बर चौसष्ट

भाऊजींना जन्मात एकच हत्यार कळलं, हातोडा. दार घट्ट बसलं, घाल हातोडा. कुलपात किल्ली अडकली, घाल हातोडा. टीव्हीचं चित्र गेलं तर निदान वरून एक थाप तरी हवीच. एवढ्या भांडवलावर हा माणूस कागदाच्या गोदामात फोरमन झाला आणि वर छाती काढून चालतो, याचं भिंगवालीला ताईचं लग्न झाल्या दिवसापासून नवल वाटत आलं होतं. नवल कसलं, वीटच म्हणा ना.

भिंगवाली म्हणजे ताईची धाकटी बहीण. धातू तपासणं हा तिचा धंदा. वर्षातून एकदा ती खांद्याला पेटी अडकवून या गोदामात यायची, क्रेनचा हुक तपासायची, सही करायची आणि तपासल्याची खूण म्हणून त्या वर्षाचा रंग स्वतःच्या हातानं हुकाला लावून जायची. गेल्या वर्षी निळा होता, यंदा पिवळा. या हुकाला दोन-दोन टनांचे कागदाचे रोल लटकून गोदामभर फिरत, आणि त्यांच्या वाटेखाली बरोबर ताईचं टेबल. ताई रोलांना चिठ्ठ्या चिकटवायची.

आज हुक उतरवून बाकावर ठेवला होता. वंगण असं चोपडलं होतं की हात लावायची सोय नाही.

"घे माप," भाऊजी म्हणाले. "एकदम खणखणीत आहे. मेव्हणीला काय मी फसवणार आहे?"

हुकाच्या तोंडाशी दोन बारीक खुणा होत्या, नवा असतानाच ठोकलेल्या. त्यांच्यातलं अंतर चौसष्ट मिलिमीटर. ओझ्यानं हुकाचं तोंड वासलं की हे अंतर वाढतं, आणि फार वाढलं की हुक भंगारात जातो. तिनं खुणा पुसल्या, कॅलिपर लावला. बरोब्बर चौसष्ट. आठ वर्षं ओझी वाहिली आणि केसाचाही फरक नाही! ऐंशीच्या म्हाताऱ्याचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसले की कवळी आहे हे समजावं.

"भाऊजी, हा ठोकलाय."

"ठोकलाय काय? जरा तोंड वासलं होतं, दाबून बंद केलं. आलं की नाही जागच्या जागी?"

कौतुकाची वाट बघत उभा आहे बघा! आपण केलं ते पाप आहे हेसुद्धा ज्याला कळत नाही, त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

"भाऊजी, तार मागेपुढे वाकवून तोडली आहे का कधी?"

"तार वेगळी, हुक वेगळा."

"हो, आणि अक्कल त्याहून वेगळी. ऐका. पोलादाच्या पोटात बारीक बारीक दाणे असतात. बेतानं ताणलं तर ते पुन्हा होते तसे होतात. बेताबाहेर ताणलं की दाण्यातले थर एकमेकांवरून घसरतात, आणि घसरलेला थर माघारी येत नाही. तुम्ही हातोडा घातलात तेव्हा तो मागे गेला नाही, आणखी नवे थर घसरले. बाहेरून माप बसलं, आतून चिंध्या झाल्या."

"पुस्तकातल्या गोष्टी," भाऊजी म्हणाले आणि जांभई दिली.

तिनं हुकाच्या वळणावरचा निळा रंग खरवडला, ती जागा आरशासारखी होईतो घासली, दाणे उठून दिसावेत म्हणून ॲसिडचा बोळा फिरवला, धुतली, आणि वर सूक्ष्मदर्शक बसवला. एरवी शेजारीशेजारी गोलसर बसणारे दाणे इथे चेपून लांबोडके झाले होते. त्यांच्या अंगावर रेघाच रेघा. काही एका बाजूला कललेल्या, काही त्यांना आडव्या छेदून गेलेल्या. एवढ्याशा जागेत पोलादाची दोनदा फरफट झाली होती. आणि रेघांची जिथे दाटी होती, तिथून एक चीर निघून आत गेली होती.

"स्वतःची बायको बसते हो याच्याखाली!" ती ओरडलीच. "लाज नाही वाटत?"

"तिला काही झालंय का आजवर? उगाच पराचा कावळा करू नकोस."

तिनं पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि फिरकी किंचित फिरवली. चीर स्पष्ट झाली. आतून ती निळी होती.

वरचा रंग तर तिनं पार घासून काढला होता. हा निळा चिरेच्या पोटात मुरलेला होता. म्हणजे रंग लागला तेव्हा चीर होतीच. हातोडा त्याच्याही आधी बसला होता.

गेल्या वर्षीही माप बरोब्बर चौसष्टच आलं होतं, हे तिला आता आठवलं. तेव्हाही मनात पाल चुकचुकली होती. पण ती स्वतःशीच हसली होती. या ठोंब्याला धड खिळा मारता येत नाही, लबाडी काय जमणार? सूक्ष्मदर्शकाची पेटी तिनं उघडलीसुद्धा नव्हती. सही केली, निळा रंग लावला आणि ताईकडे जेवायला गेली. जेवताना भाऊजींच्या हातोड्यावर दोघी बहिणी पोट दुखेपर्यंत हसल्या होत्या.

"बघू," म्हणत भाऊजींनी तिला बाजूला सारलं आणि डोळा लावला. बराच वेळ ते वाकूनच होते. मग उठले. त्यांचा चेहरा उतरला होता, तरी आवाजात मिजास होतीच.

"निळा तर तुझा ना गं?"

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस काहीतरी बरोबर बोलला होता.

तेवढ्यात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन ताई आली. "झालं का गं? बसू ना मी जागेवर?"

"नको," भिंगवाली म्हणाली. "ताई, हा हुक तुटायला आलाय. यांनी तो ठोकून ठोकून सरळ केलाय. गेल्या वर्षापासून चीर आहे त्याला."

ताईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. तिथे तिला नवं काही दिसलं नसावं. मग तिनं मान वर करून क्रेनकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि शेवटी बहिणीकडे वळली.

"पण गेल्या वर्षी तू तपासला होतास ना?"

"नाही," भिंगवाली म्हणाली. "नुसता रंगवला होता."