लागून असलेल्या जमिनी

पाहणीवाल्या बाई खात्यात नव्या होत्या. शेतावर जायचं, पीक बघायचं, फोटो काढायचे आणि अनुदान कुणाला बसतं ते लिहून आणायचं, हे त्यांचं काम. यंदा मात्र साहेबांनी त्यांच्या हातात नामंजूर अर्जांचा गठ्ठा ठेवला. "घरोघरी देऊन या. जरा गोड बोला, म्हणजे कुणी अंगावर येत नाही."

बाईंनी गठ्ठा आधी स्वतः वाचला. पाण्याचा पंप आणि नळ्या मागणारे त्रेचाळीस अर्ज, आणि सगळ्यांवर एकच शेरा: क्षेत्र एका एकराहून कमी. मग मंजूर यादीत होतं कोण? नदीकाठचे बडे शेतकरी. एका घरात तर चौघांच्या नावावर चार पंप. ज्याचं पोट भरलेलं, त्याच्याच ताटात पुन्हा वाढलेलं.

त्यांनी नियमांची पुस्तिका पहिल्यापासून वाचून काढली. एकोणिसाव्या पानावर एक ओळ सापडली. लागून असलेल्या जमिनींचे मालक एकत्र अर्ज करू शकतील.

"साहेब, हे लोकांना कुणी सांगितलंय का?"

"पुस्तिका टांगलीय की भिंतीला. ज्याला गरज, तो वाचेल."

पुस्तिका टांगलेली होती खरी, पण कपाटामागे.

गठ्ठ्यात दोन अर्ज एकाखाली एक होते. आडनाव एकच, जमीन पाऊण-पाऊण एकर आणि मध्ये फक्त बांध. बाई पहिल्यांदा तिथेच गेल्या. दोघी जावा निघाल्या. दोघींचेही नवरे वारलेले, मुलं शहरात. थोरलीच्या वाट्याला विहीर आलेली, पण पाणी उपसायला पंप नाही. धाकटीला तीही नाही, डोक्यावरून घागरी आणून ती वांगी जगवत होती.

बाईंनी दोघींना बांधावर बोलावलं आणि नियम समजावून सांगितला. थोरली हाताची घडी घालून म्हणाली, "बाई, त्यांना सांगा, माझी हरकत नाही. पण पंप माझ्या विहिरीवर बसेल."

'त्यांना' म्हणजे तीन हातांवर उभ्या असलेल्या धाकटीला.

धाकटी म्हणाली, "बाई, त्यांना सांगा, विहीर कुणी पळवून नेत नाही. नळी माझ्या वांग्यांपर्यंत आली म्हणजे झालं."

पाहणीवाल्या बाई तासभर इकडचं तिकडे सांगत राहिल्या. नऊ वर्षांपूर्वी सासूबाई धाकटीच्या घरी वारल्या आणि थोरलीला निरोप उशिरा पोचला. तेव्हापासून दोघींमधलं बोलणं बंद होतं. हे त्यांना शेजारणीनं निघताना कानात सांगितलं.

ठरल्या दिवशी दोघी कार्यालयात आल्या, पण बाकाच्या दोन टोकांना बसल्या. खिडकीतला कारकून संगणकावर अर्ज भरत होता. नावं झाली, क्षेत्र झालं.

"एकमेकींचं नातं?"

"जावा," बाईंनी सांगितलं.

"जाऊ यात नाही. आई, बहीण, मुलगी, नवरा, भाऊ... आणि इतर. इतर टाकतो."

थोरली ताडकन उठली. "काय टाकतोस?"

"इतर, आजी. म्हणजे बाकीचे."

"एका चुलीपुढे बसून बावीस वर्षं धूर खाल्लाय आम्ही! हिची दोन्ही बाळंतपणं मी काढलीत. आणि आम्ही बाकीचे?" बोलता बोलता ती गर्रकन धाकटीकडे वळली. "ऐकलंस का गं? आपण बाकीचे म्हणे!"

आपण कुणाशी बोलून बसलो, ते थोरलीला तेव्हा कळलं.

धाकटी पदराशी चाळा करत उठली. "त्याला काय कळतंय, ताई. बसा तुम्ही. दम लागेल."

कारकुनानं निमूटपणे 'इतर' टाकलं. दुसरा इलाज नव्हता. शिक्क्यासाठी मात्र दुपारपर्यंत थांबायचं होतं. पाहणीवाल्या बाई पलीकडच्या टेबलावर कागद लावत होत्या. ऐकायचं नव्हतं, तरी त्यांना ऐकू येत होतं. आता दोघी बाकाच्या मधोमध होत्या.

"निरोप मीच उशिरा धाडला," धाकटी खाली बघत म्हणाली. "वाटलं, सासूबाईंना उतार पडेल. तुम्हाला बोलावलं तर... त्या जातायत हे खरंच झालं असतं. माझा धीर होत नव्हता."

थोरलीनं मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "एवढंच होतं, तर तेव्हाच सांगायचंस."

"तुम्ही दार कुठे उघडलंत?"

"नाही उघडलं." थोरलीनं डोळे पुसले. "उघडायला हवं होतं."

बाईंनी मान खाली घालून एकच कागद तीनदा लावला.

मग त्या उरलेल्या सगळ्यांकडे गेल्या. कुणी भावाशी जोडला गेला, कुणी शेजाऱ्याशी, तर कुणी म्हणालं, पंपावाचून मरेन पण त्याच्या शेजारी सही करणार नाही. त्रेचाळीसपैकी सव्वीस अर्ज उभे राहिले. साहेब चिडले, नदीकाठच्या दोन बड्या लोकांचे फोन आल्याचंही त्यांनी ऐकवलं. पण नियम त्यांच्याच पुस्तिकेतला होता. सही करावी लागली. सव्विसांना पुरेल इतका निधी यंदा नव्हता, एकोणिसांनाच मिळालं. उरलेल्या सात घरी बाई स्वतः जाऊन आल्या आणि पुढच्या वर्षीच्या अर्जावर त्यांच्या सह्या घेऊन ठेवल्या.

पंप बसला की शेवटची पाहणी करायची आणि दोन्ही लाभार्थी एका चौकटीत येतील असा फोटो काढायचा, असा नियम. बाई सकाळीच पोचल्या. पंप घरघरत होता आणि नळीतून पाणी वांग्यांच्या सरीत शिरत होतं. धाकटी वाकून हातानं माती सारत त्याला वाट करून देत होती. थोरली विहिरीवरून ओरडत होती, "अगं, पुरे की! रोपं बुडवशील!"

"बुडत नाहीत! तुम्ही बंद करू नका!"

फोटोसाठी दोघी पंपाशेजारी उभ्या राहिल्या, हात सरळ, चेहरे गंभीर, जणू कुणी रागावलंय.

"जरा जवळ या," बाई म्हणाल्या.

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. तिच्या गालावर चिखलाचा ओघळ होता. "थांबा हो बाई," ती म्हणाली. तिनं आपल्या पदराचं टोक ओलं केलं आणि धाकटीची हनुवटी धरून गाल नीट पुसून काढला. धाकटी लहान पोरीसारखी डोळे मिटून उभी राहिली.

बाईंनी तेवढ्यात फोटो काढला. कार्यालयाला चालेल असा दुसरा त्यांनी मागाहून घेतला.