मामा-भाची एकाच बाकावर

भाचीला पदवीच्या प्रवेशाला सात गुण कमी पडले आणि तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. आईने दार ठोठावून पाहिलं, वडिलांनी बाहेरून समजूत काढली, पण आतून एकच उत्तर, "मला कुणाशी बोलायचं नाहीये." तिसऱ्या दिवशी सकाळी आईने आपल्या धाकट्या भावाला फोन लावला. "तूच ये बाबा. तुझं ऐकते ती."

मामाचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. एका खुर्चीमागे तो, दुसरीमागे त्याचा जोडीदार. जोडीदार वयाने मोठा आणि दिवसभरात मोजून दहा शब्द बोलणारा. मामाच्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं. त्याची दहावी झाली त्याच वर्षी वडिलांचे हात थरथरायला लागले, कात्री धरवेना, म्हणून शाळा सोडून तो दुकानात उभा राहिला. आता अडतिसावं चालू होतं आणि तो उभाच होता.

तो आला, भाचीच्या दाराबाहेर फरशीवर फतकल मारून बसला आणि म्हणाला, "दार नको उघडूस. नुसतं वाच." मग दाराखालच्या फटीतून त्याने एक माहितीपत्रक आत सरकवलं. एका गिऱ्हाइकाने ते सलूनमध्ये ठेवलं होतं. व्यवसाय व्यवस्थापनाची एका वर्षाची प्राथमिक पदविका. गुण कमी असले तरी प्रवेश मिळतो, आणि सगळे विषय सुटले की थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात.

आत थोडा वेळ कागद सळसळला. मग आवाज आला, "म्हणजे मागच्या दाराने."

"अगं, दार ते दार. तू तर सध्या पुढचंही उघडत नाहीयेस."

आत खुदकन हसू फुटलं आणि कडी निघाली.

महाविद्यालयात प्रवेशाची माहिती द्यायचा दिवस होता तेव्हा भाची एकटी जायला तयार नव्हती, म्हणून मामा सोबत गेला. लांबट खोली, रांगेने मांडलेली टेबलं, प्रत्येक टेबलामागे कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याचं. पदविकेच्या टेबलामागे एक बाई होत्या, त्याच पदविकेच्या प्रमुख. मामाची नजर सवयीने आधी त्यांच्या केसांवर गेली. डावी बाजू अर्ध्या बोटाने लांब राहिली होती. बाई भाचीला समजावत होत्या, दोन सत्रं, विपणन, हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, शिवाय अभ्यासपूर्ण लेखन. सगळं सांगून झाल्यावर त्या मामाकडे वळल्या.

"आणि तुम्ही?"

"मी? मी नुसता सोबत आलोय."

"शिक्षण?"

"दहावी. त्यालाही बावीस वर्षं झाली."

"चालेल. पंचविशीच्या पुढच्यांसाठी आमच्याकडे एक छोटी परीक्षा आणि मुलाखत असते."

मामा हसला. भाची हसली नाही. "मामा बसला तर मी बसते," ती म्हणाली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"दार ते दार म्हणालास ना?"

बाईंनी दोन अर्ज पुढे सरकवले.

घरी त्याने हे सांगितलं तेव्हा मामी हसता हसता खुर्चीतच बसली. "भाचीने तुला चांगलाच मामा बनवला!" मग डोळे पुसून ती म्हणाली, "पण बस तू. रोज वर्तमानपत्र वाचतोस ते शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. तुला वाचायला काहीतरी मोठं हवंच होतं." जोडीदार तर तीनच शब्द बोलला, "जा तू. बघतो." आणि त्या तीन शब्दांवर त्याने वर्षभर मंगळवार, बुधवार आणि गुरुवारची दुपार दोन्ही खुर्च्या एकट्याने सांभाळल्या. कुरकूर नाही की तोंड वाकडं नाही.

परीक्षेत मामा भाषेत छान सुटला, गणितात काठावर. वर्गात सगळी अठरा-एकोणिसाची पोरं. भाचीच्या शेजारी बाकावर बसलेल्या या माणसाला पोरं पहिल्या दिवशी सर समजून उठून उभी राहिली. भाचीने "मामा, पेन दे ना" म्हटलं आणि तो सगळ्या वर्गाचाच मामा झाला. पोरं अडलेलं विचारायला त्याच्याकडे येत, त्याला काही येत नाही हे कळलं तरी येत, कारण तो ऐकून घ्यायचा.

पहिल्या निबंधाचा विषय होता ग्राहक आणि सेवा. मामाने आठवडाभर खपून, पुस्तकातली झकास झकास वाक्यं निवडून, सुवाच्य अक्षरात बारा पानं भरली. शंभरात अडतीस मिळाले. खाली बाईंनी लिहिलं होतं, "हे सगळं पुस्तकाला माहीत आहे. तुम्हाला काय माहीत आहे?"

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाचीला एक्क्याऐंशी होते. त्याने कागद दुमडून खिशात घातला आणि दोन दिवस तिला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी तिने खिशातून काढलाच. वाचला आणि शांतपणे म्हणाली, "चोरी केलीस ना रे?"

"चोरी? पुस्तकात छापलंय, सगळ्यांसाठीच आहे की!"

"दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर कुणाचं ते सांगावं लागतं, मामा. आणि त्यावर तुला काय वाटतं तेही."

त्या सोमवारपासून बंद सलूनमध्ये शिकवणी सुरू झाली. भाची फिरत्या खुर्चीत, मामा बाकड्यावर वही घेऊन. संदर्भ कसा द्यायचा, मुद्दा कसा मांडायचा, एका परिच्छेदात एकच गोष्ट कशी सांगायची. खोलीत कोंडून घेणारी ती हीच का, असा प्रश्न त्याला पडायचा. एकदा तो चुकला तर तिने त्याच्या वहीवर पेन्सिल आपटली, अगदी त्याच्या आईसारखी. त्याला इतकं बरं वाटलं की तो मुद्दाम आणखी एकदा चुकला. दुसऱ्या निबंधाला त्रेपन्न मिळाले, तिसऱ्याला एकोणसत्तर.

मग आलं तोंडी सादरीकरण. वर्गापुढे दहा मिनिटं बोलायचं. विषय मामाने स्वतः निवडला, गिऱ्हाईक परत का येतं. भाचीला काडीची काळजी नव्हती. "तू? तुला तर थांबवावं लागेल!"

मामा फळ्यापुढे उभा राहिला. समोर चाळीस डोळे. त्याने तोंड उघडलं आणि आतून काही निघेचना. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं. मागे कुणीतरी बाक सरकवलं तर तो दचकला. भाची ओठ हलवून पहिलं वाक्य सांगत होती, ते त्याला दिसत होतं पण कळत नव्हतं. "मला नाही जमणार, बाई," तो कसाबसा म्हणाला आणि दाराकडे निघाला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "दुकानात तुम्ही कुठे उभे असता?"

"गिऱ्हाइकाच्या मागे."

बाईंनी स्वतःची खुर्ची उचलली, फळ्याजवळ आणून ठेवली आणि वर्गाकडे तोंड करून, मामाकडे पाठ करून तीत बसल्या. "मी गिऱ्हाईक. डावी बाजू लांब आहे, माहितीये मला. बोला आता."

वर्ग खदखदून हसला. मामाही हसला. त्याचे हात आपोआप खुर्चीच्या पाठीवर गेले आणि समोरचे चाळीस डोळे आरशातले झाले.

मग तो बोलला. माणूस "थोडेसे कमी करा" म्हणतो, तेव्हा त्याला कमी नको असतात, तो घाबरलेला असतो. "नेहमीसारखे का?" असं कधी विचारायचं नाही, नेहमीचे कसे ते आपण लक्षात ठेवायचं. रागावून आलेल्या माणसाच्या मानेला आधी गरम टॉवेल लावायचा, त्याच्या तोंडी लागायचं नाही. शेवटी त्याने एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. औषधांनी त्याचे केस गळायला लागले होते. लोकांदेखत नको म्हणून मामाने सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून त्याचे उरलेले केस उतरवले. "आता त्यांना कापायला काहीच नाही," मामा म्हणाला, "तरी दर महिन्याला येतात. खुर्चीत बसतात, मी टॉवेल लावतो, आम्ही गप्पा मारतो. पुस्तकात याला ग्राहकनिष्ठा म्हटलंय. मला वाटतं, निष्ठा आधी दुकानाने दाखवायची असते."

बाई खुर्चीतून उठल्या तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला. मग वर्गाने बाकं बडवली.

वर्षाचा निकाल लागला. भाची वर्गात दुसरी आली आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा तिचा प्रवेश पक्का झाला. मामाचे सगळे विषय सुटले, एक सोडून. संख्याशास्त्रात चार गुण कमी. फेरपरीक्षा होती, पण तिचा निकाल लागेपर्यंत या सत्राचा प्रवेश संपणार होता.

आठवडा झाला तरी भाचीने अर्ज भरला नव्हता. मामाला ते ताईकडून कळलं. तो सलूनचा अंगरखाही न काढता तसाच उठून गेला.

"अर्ज का भरला नाहीस?"

"पुढच्या सत्राला भरीन. आपण दोघं मिळून जाऊ."

"मूर्ख आहेस का?" तिच्यावर आवाज चढवायची ही त्याची पहिलीच वेळ. "मी बसलो ते तू बसावीस म्हणून. आता माझ्यापायी तू उठलीस, तर माझं हे वर्ष पाण्यात गेलं असं समज!"

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू एकटा पडशील."

"मी आणि एकटा? माझ्या दुकानात बसायला जागा नसते." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तू पुढे जा. तू माझी सीनियर. मला नोट्स कोण देणार?"

तिने त्याच्यासमोरच अर्ज भरला.

संख्याशास्त्राचं घोडं मात्र अडलेलंच होतं. ते ढकललं एका जुन्या गिऱ्हाइकाने, निवृत्त गणित शिक्षकाने. हकिगत कळल्यावर मास्तर रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन बसू लागले. सरासरीपासूनचं विचलन मामाच्या डोक्यावरून जायचं. मास्तरांनी त्याला आठवडाभर प्रत्येक माणूस किती मिनिटं थांबला ते टिपायला लावलं. "सरासरी चौदा मिनिटं," मास्तर म्हणाले. "पण कुणी चार मिनिटं थांबला, कुणी चाळीस. रागावून कोण गेला?"

"चाळीसवाला."

"तो रागावला ते सरासरीत दिसतं का?"

"नाही." मामाने वही पुढे ओढली. "म्हणजे सरासरीपासून कोण किती लांब, ते मोजायचं!"

"एवढंच तर आहे," मास्तर म्हणाले आणि दाढीला बसले.

फेरपरीक्षेत एकसष्ट मिळाले. मामाने पहिला फोन ताईला केला.

"अगं, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. तू दुकानात उभा राहिलास म्हणून मला पुढे शिकता आलं. हे मी तुला कधी म्हटलं नाही रे. काय म्हणावं तेच सुचायचं नाही."

गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे कधीही न अडणारी मामाची जीभ अडली. "तुझी पोरगी शिकवते छान," एवढंच तो म्हणाला. "तुझ्यावर गेलीय."

पुढच्या सत्राला तो पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाऊन बसला. वर्ग मोठा होता, चढत्या पायऱ्यांचा. भाची त्याला दारापर्यंत सोडायला आली आणि "मागच्या रांगेत बसू नकोस" असं बजावून स्वतःच्या वर्गाला पळाली. तो पुढून तिसऱ्या रांगेत बसला. नवे सर तरुण होते. प्रत्येकाने आपण इथवर कसे आलो ते दोन वाक्यांत सांगावं, असं ते म्हणाले. मुलं एकेक उठली, शाळेचं नाव, गुण, बसली.

मामाची पाळी आली. तो उभा राहिला. सगळ्या वर्गाची तोंडं त्याच्याकडे वळली, पण या वेळी त्याने दाराकडे पाहिलं नाही.

"मी पदविका करून आलोय," तो म्हणाला, "पण एकटा नाही आलो." आणि त्याने जोडीदारापासून सुरुवात केली. मग मामी, मग बाई, मग मास्तर. भाचीपर्यंत पोचेस्तोवर सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण थांबवलं नाही.